ग्रीन पार्कमधली न्याहारी

ऑक्टोबर १७९९. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये एका माणसाने सकाळी रानटी अळंबी खुडली आणि बायकोमुलांना शिजवून घातली. थोड्याच वेळात त्याच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले. आता मरतो या भीतीने तो मदत आणायला निघाला, पण शंभरेक यार्डांतच आपण कुठे आणि कशाला निघालो हे विसरला. आठ वर्षांचा मुलगा खदाखदा हसत सुटला. आईबापांनी दटावूनही हसू थांबेना. एव्हरार्ड ब्रँड या वैद्याने हा सगळा प्रकार विषबाधा म्हणून नोंदवून छापला. आज ती अळंबी सायलोसायबी सेमिलॅन्सिएटा म्हणून ओळखली जाते.

हल्ली ही हकिगत गमतीने सांगतात: बिचाऱ्या वैद्याला नशा ओळखता आली नाही! मला ही गंमत पटत नाही. सायलोसायबिन हा घटक आल्बर्ट हॉफमनने वेगळा काढला १९५८मध्ये, तेव्हा ब्रँडला तो ठाऊक असणे शक्यच नव्हते. शिवाय त्या घरापुरते बोलायचे तर विषबाधा हेच निदान बरोबर होते. मेक्सिकोतल्या हुआउत्ला गावी मारिया साबिना ही वैदू याच कुळातली अळंबी रात्रीच्या विधीत द्यायची. खाणाऱ्याला आपण काय खातोय आणि कशासाठी, हे माहीत असे. शेजारी जाणते माणूस जागे असे. लंडनच्या त्या बापाला फक्त न्याहारी हवी होती. जे मागितले नाही, ज्याचे नाव माहीत नाही आणि जे कधी उतरेल याचा भरवसा नाही, ते मेंदूत शिरले तर माणसाने त्याला दुसरे काय म्हणावे? मुलाचे हसूसुद्धा, त्याच्या आईच्या जागी उभे राहून ऐकले तर, भयंकरच.

ब्रँडने वांतीची आणि ताकदीची औषधे दिली. सगळे बरे झाले आणि श्रेय औषधांना गेले. खरे तर हा अंमल काही तासांत आपोआप ओसरतो. वैद्यकात असे फुकटचे श्रेय बरेच मिळते.

सगळ्यांचेच नशीब असे नसते. सायलोसायबी समजून काही जण गॅलेरिना मार्जिनाटा खुडतात. तीही तशीच छोटी आणि तपकिरी, पण तिच्यात यकृत निकामी करणारे अमाटॉक्सिन असते. खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, ते थांबून रोग्याला बरे वाटू लागते, घरचे निर्धास्त होतात. आणि यकृताची नासाडी आतून चालूच असते.