पत्करलेले अज्ञान

असत्य बोलणे पाप होय, याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु कोणी विचारलेच नाही म्हणून न सांगणे, हेही असत्यच काय? आणि त्याहून अवघड प्रश्न असा की, जे आपण मुद्दामच जाणून घेतले नाही, त्याचा भार आपल्यावर येतो की नाही? हे प्रश्न मला ग्रंथांतून सुचले नाहीत. एका मोटारीने ते माझ्यापुढे आणून उभे केले.

गेल्या पावसाळ्यात फोंड्याहून परतताना माझी मोटार वळणावर घसरली आणि चिऱ्यांच्या गडग्यावर आदळली. कोणास इजा झाली नाही. पुढचा बंपर प्लास्टिकचा. तो आत दबून पुन्हा जवळजवळ जागच्या जागी आला. चार ओरखडे तेवढे राहिले. गॅरेजच्या मेस्त्रींनी मात्र बॉनेटच्या दोन्ही कडांवरून बोट फिरविले. उजवीकडची फट डावीपेक्षा रुंद होती. "बंपर उतरवून आत पाहूया का?" त्यांनी विचारले. "नको, रंग तेवढा मारा," मी म्हणालो. त्या वेळी मनाला मी खर्चाचे कारण सांगितले. खरे कारण निराळे होते. मोटार विकावयाचे मनात होते, आणि दोष दिसला असता तर तो सांगावा लागला असता.

आजच्या मोटारीचा घाव बाहेरून सहसा दिसत नाही. वाहनाचा पुढचा व मागचा भाग धडकेत चुरडावा, म्हणजे आघाताचा जोर त्यातच जिरून मधली माणसांची जागा अभंग राहील, ही कल्पना मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेनी यांची. १९५९ सालच्या मोटारीत ती प्रथम प्रत्यक्षात आली. परंतु हा भाग आपले काम एकदाच नीट करू शकतो. बंपरमागची लोखंडी आडवी पट्टी वाकली, तिच्यामागच्या सांगाड्याच्या तुळया दबल्या, तरी वरचे प्लास्टिक सुबकच दिसते. दोष उघड होतो तो टायर एका कडेने झिजू लागल्यावर, किंवा दुसऱ्या धडकेत. आणि तेव्हा आत बसलेला मनुष्य कदाचित दुसराच असतो.

महिन्याभराने, देवळात पालखी आत गेल्यावर, एक तरुण मजजवळ आला. त्याच्या वडिलांचा व माझा जुना स्नेह. कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. "काका, तुम्ही गाडी विकताय म्हणे. तुमचीच गाडी, मग त्यात बघायचे काय? खोट असती तर तुम्ही सांगितलीच असती." मी नुसता हसलो.

रात्री झोप आली नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात घोड्याची तीन उदाहरणे आहेत. लिलावात सदोष घोडा विकणारा गप्प राहिला, तर ती लबाडी ठरत नाही. घेणारी नुकतीच सज्ञान झालेली त्याचीच मुलगी असेल, तर मात्र दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य होय. आणि घेणारा जर म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन," तर विकणाऱ्याचे मौन हे बोलण्यासारखेच मानले जाते. त्या तरुणाचे वाक्य ह्या तिसऱ्या उदाहरणातलेच होते. आपली नारदस्मृती दुभते जनावर पारखण्यास तीन दिवस आणि ओझ्याचे पारखण्यास पाच दिवस देते. परंतु जो विश्वासापोटी पारखच सोडून देतो, त्याच्या वतीने पारखणार कोण? विकणाराच.

यावर माझे मन म्हणे, "पण दोष आहे हे तुला कोठे ठाऊक आहे?" हे वाक्य अक्षरशः खरे होते. तथापि ठाऊक नसणे ही मनुष्याची मर्यादा आहे. ठाऊक करून न घेणे ही त्याची कृती आहे. प्रत्येकाने प्रत्येक वस्तू उकलून पाहावी, असा याचा अर्थ नव्हे. तसे झाल्यास व्यवहारच खुंटेल. परंतु जेथे खूण दिसलेली आहे आणि न पाहण्याचे फळ दुसऱ्याला भोगावे लागणार आहे, तेथे न पाहण्याची मुभा उरत नाही. ती रुंद फट मी पाहिली होती. म्हणूनच तर मी "नको" म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी मोटार गॅरेजात नेऊन बंपर उतरविला. पट्टी उजवीकडे वाकलेली, मागची तुळई दबलेली. तरुणाला बोलावून ते दाखविले, आणि पहिल्या दिवशी मेस्त्रींना मी काय सांगितले होते, तेही सांगितले. तो बराच वेळ पाहात राहिला. मोटार त्याने घेतली नाही. पुढे दुरुस्तीच्या बिलासह ती बऱ्याच कमी किमतीस दुसरीकडे गेली. तो तरुण अजून देवळात भेटतो, नमस्कार करतो. मात्र पूर्वीइतके मोकळे बोलत नाही. त्याचा मला राग नाही.

आपण अडचणीत देवापुढे कौल लावतो, कारण जे आपल्याला दिसत नाही ते त्याला दिसते अशी आपली श्रद्धा असते. परंतु जे चार बोल्ट सोडविताच दिसणार होते, त्यासाठी कौलाची गरज नव्हती. मेस्त्रींनी विचारले होते, तेव्हाच मला "हो" म्हणता आले असते.