खर्जाचे ऋण

ज्याच्यावाचून कार्य उभेच राहत नाही, परंतु कार्य सुरळीत चालू असता ज्याच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही, अशा मनुष्याचे आपण काही देणे लागतो काय? आणि लागत असल्यास ते कोणत्या नाण्यात फेडावयाचे? त्याग, सेवा, परोपकार यांची चर्चा आपण पुष्कळ करितो. पण ती बहुधा सेवा करणाऱ्यास उद्देशून असते. त्याने कसे वागावे, कशाची अपेक्षा धरू नये, हे त्यास बजावून सांगण्यात येते. ज्याच्या पदरी ती सेवा पडते त्याने कसे वागावे, हा प्रश्न निघाला की कृतज्ञता हा एक शब्द उच्चारून आपण मोकळे होतो.

हा प्रश्न मला भेटला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वर हे एके काळचे खेडे; आता ती शहराचीच एक वस्ती झाली आहे. तेथील काही तरुण संध्याकाळी एकत्र जमून वाद्यवृंदाची तालीम करितात, आणि त्यांतील दोघेतिघे बेस गिटार वाजवितात. त्यांच्या गप्पा ऐकण्याजोग्या असतात. तारा चार असाव्या की पाच, त्या बोटाने छेडाव्या की पट्टीने, ध्वनिवर्धक किती शक्तीचा घ्यावा, गणेशोत्सवातील एका रात्रीची बिदागी किती मागावी, गुरूवाचून केवळ चित्रफिती पाहून हात तयार होतो काय, अशा विषयांत तासच्या तास जातात. परंतु फिरून फिरून वाद येतो तो एकाच मुद्द्यावर. एकाचे म्हणणे असे की, आपण नीट वाजविले तर ते कोणास कळत नाही आणि चुकलो तर सर्वांस कळते. मग या वाद्यापायी वर्षे का घालवावी? दुसऱ्याचे म्हणणे असे की, न कळणे हीच या वाद्याची शोभा आहे. मला दोघांचेही म्हणणे खरे वाटते, आणि म्हणूनच प्रश्न सोपा राहत नाही.

ज्यांस या वाद्याचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. पाश्चात्य वाद्यवृंदात खालचा स्वर धरण्याचे काम पूर्वी मनुष्याहून उंच अशा एका अवजड तंतुवाद्याकडे असे. ते वाहून नेणे कठीण, त्यावर पडदे नसल्यामुळे स्वर अचूक लावणे कठीण, आणि ढोलताशांच्या गजरात ते ऐकू येणे तर त्याहून कठीण. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात लिओ फेंडर या वाद्यकाराने 1951 मध्ये विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणिली. ती खांद्यास अडकविता येई आणि तिच्यावर सतारीप्रमाणे पडदे होते. त्या पडद्यांमुळे स्वर नेमका लागे, म्हणून त्याने तिचे नावच ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा, असे ठेविले. तिची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे 41 कंपने पावते. मनुष्याच्या कानाची खालची मर्यादा 20 कंपनांच्या आसपास आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे हा वादक श्रवणाच्या अगदी उंबरठ्यावर उभा आहे हे लक्षात येईल.

आणि तेथूनच तो सर्वांवर सत्ता चालवितो. वर सा, ग आणि प हे तीन शुद्ध स्वर एकत्र वाजत आहेत असे समजा. खाली षड्ज असेल तर ते प्रसन्न भासतात. आता वरच्या तिन्ही स्वरांस मुळीच धक्का न लावता खाली मंद्र धैवत लावा. तेच तीन स्वर खिन्न भासू लागतात. श्रोत्यास वाटते, गायकाच्या आवाजात कारुण्य आले. प्रत्यक्षात गायक होता तेथेच आहे. अर्थ बदलला तो खालच्या माणसाने. शिवाय कानाचीही एक मौज आहे. मोबाइलच्या इवल्याशा कर्ण्यातून हा खालचा मूळ स्वर जवळजवळ बाहेर पडतच नाही. त्याचे वरचे उपस्वर तेवढे पडतात, आणि त्यांवरून मूळ स्वर कोणता असावा हे आपला मेंदू ताडून घेतो. उलट मंडपात गाणे चालू असता पलीकडच्या गल्लीत गायकाचे शब्द भिंतींशीच विरतात. भिंत ओलांडून येतो तो खर्जाचा घुमार. सभेत ज्याकडे कोणी पाहत नाही, तोच दूरवर पोहोचतो!

आपल्या संगीतास ही कल्पना परकी नाही. तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाचीच असते. मिरजेस पिढ्यानपिढ्या तंबोरे घडविले जात आहेत, आणि 2024 मध्ये तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु तंबोरा आणि बेस गिटार यांत एक महत्त्वाचा भेद आहे. गायकाच्या पाठीशी बसून तंबोरा छेडणारा बहुधा शिष्य असतो. आज तो मागे बसतो ते उद्या पुढे बसता यावे म्हणून. त्याचे अनामिकपण ही त्याची उमेदवारी होय. बेस वाजविणारा पुढच्या जागेची वाट पाहत नाही. मागची जागा हेच त्याचे घर आहे. म्हणून त्याच्यापुढे हा प्रश्न अधिक तीव्र रूपाने उभा राहतो.

त्याने संतुष्ट असावे, या मताच्या बाजूने पुष्कळ सांगता येईल. ज्या वादकास प्रत्येक ओळीत आपली हुशारी दाखवावीशी वाटते तो गाण्याचा पाया खिळखिळा करितो. चार मात्रांत एकच स्वर पुरे असता तेथे सोळा स्वर न घालणे, हात शिवशिवत असताही थांबणे, यास जो संयम लागतो तो नैतिकच आहे. हे शिकावयास द्रुत लयीत बोटे फिरविण्यापेक्षा अधिक काळ लागतो, असे जाणते वादक सांगतात. फलाशा सोडून कर्म करण्याचा गीतेचा आदर्श पाहावयाचा असेल तर तो येथे पाहावा, असेही कोणी म्हणेल, आणि ते अयोग्य होणार नाही.

परंतु आता दुसरी बाजू पाहू. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी मोटाउन नावाची ध्वनिमुद्रण संस्था होती. तिची गीते 1960 नंतरच्या दशकात जगभर गाजली. त्यांतील असंख्य गीतांत बेस गिटार वाजविणारा जेम्स जेमरसन हा उजव्या हाताच्या एकाच बोटाने तारा छेडीत असे, आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच्यापासून हे वाद्य वाजवावे कसे याचा पाठ घेतला. तथापि त्या गीतांच्या तबकड्यांवर त्याचे नाव नव्हते. मार्विन गे याच्या 1971 मधील गीतसंग्रहावर ते छापले गेले, तोवर त्याचे थोरले काम होऊन गेले होते. 1983 मध्ये, वयाच्या 47व्या वर्षी, तो वारला.

हे दूरदेशीचे उदाहरण म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद मोठ्या अंशी गोमंतकीय वादकांनी उभे केले. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेली ही मंडळी. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांची नावे आता जाणकारांच्या तोंडी आहेत. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत, हेही रसिकांस ठाऊक आहे. परंतु ती गाणी ज्यांनी घरोघर गुणगुणली त्यांपैकी कितीजणांस ही नावे सांगता येतील? आणि नाव न छापण्याची ही रीत काही वादकांपुरतीच नव्हती. 1949 च्या ‘महल’ चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून कामिनी हे पडद्यावरील पात्राचे नाव होते. लता मंगेशकरांचे नव्हते. लोकांनी विचारणा केली, तेव्हा खरे नाव पुढे आले. ज्या श्रोत्यांनी गायिकेचे नाव विचारले, त्यांनी वादकांचे विचारले नाही, इतकाच काय तो फरक.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. कलेच्या गरजेने ऐकू न येणे ही एक गोष्ट, आणि व्यवहारात नाव व दाम न मिळणे ही दुसरी. पहिली वादकाने स्वतः पत्करलेली असते. ती त्याची साधना होय. दुसरी त्याच्यावर लादलेली असते. तीस साधना म्हणणे ही शुद्ध फसवणूक होय. आपला समाज या दोहोंची गल्लत करण्यात मोठा तरबेज आहे. पायाच्या दगडाची स्तुती आपण तोंडभर करितो, पण ती करणारे बहुधा कळसावर बसलेले असतात! फळाची आशा सोडण्याचा उपदेश भगवंतांनी कर्म करणाऱ्या अर्जुनास केला. अर्जुनाने सोडलेले फळ दुसऱ्याने उचलून घरी न्यावे, अशी परवानगी त्यांनी कोणास दिल्याचे ऐकिवात नाही. निरपेक्षता हा गुण स्वतःपाशी बाळगण्याचा आहे. दुसऱ्याकडून वसूल करण्याचा नाही.

यावर असा आक्षेप येईल की, प्रत्येक कामाच्या तळाशी शेकडो माणसे असतात. सर्वांची नावे कोण लक्षात ठेवणार? आक्षेप खरा आहे. परंतु सर्वांचे ऋण फेडता येत नाही, यावरून कोणाचेच फेडू नये असे निष्पन्न होत नाही. जे नाव छापणे शक्य आहे ते छापावे, ठरलेली बिदागी वेळेवर आणि गायकाच्या मानाने लाजिरवाणी नसेल इतकी द्यावी. आणि श्रोत्याने निदान एकदा तरी तेच गाणे पुन्हा लावून, गायकाचा आवाज बाजूस ठेवून, खाली काय चालले आहे ते ऐकावे. हे तिसरे देणे सर्वांत स्वस्त, आणि आपण सर्वांत अधिक थकविलेले. शिवाय नाव मिळाल्याने संयम नाहीसा होतो ही भीतीही निराधार आहे. आज मुंबईच्या मोहिनी डे हिच्यासारखी बेसवादक स्वतःच्या नावावर सभा भरविते. म्हणून तिने दुसऱ्याच्या साथीस बसावयाचे सोडलेले नाही.

वाद्यवृंदाची ही गोष्ट घराच्या उंबरठ्याआत आणून पाहिली म्हणजे तिचे गांभीर्य कळेल. आपल्या कुटुंबांतही कोणीतरी खर्ज धरून बसलेले असते. मुलाच्या परीक्षेतील यशाचा, घरधन्याच्या प्रतिष्ठेचा, पाहुण्यांनी वाखाणलेल्या पंगतीचा अर्थ ज्यावर ठरतो तो स्वर तेथे असतो. ती व्यक्ती आजारी पडेपर्यंत तो कोणास ऐकू येत नाही. तिला आपण घराचा आधार म्हणतो आणि या एका शब्दात सारे देणे चुकते झाले असे समजतो. आधार हा शब्द चांगला आहे. पण ज्याच्यावर भार टाकला आहे त्याला विचारल्यावाचून तो वापरण्याचा अधिकार भार टाकणाऱ्यास नाही. त्याने स्वखुशीने मौन पत्करिले असेल तर ते त्याचे मोठेपण. त्याच्या मौनाचा आपण काय उपयोग केला, याचा हिशेब मात्र आपणच द्यावयाचा आहे.