कुणाकडून, कुठे, कितीला, केव्हा

जुना दागिना मोडायला सराफ कट्ट्यावर नेला, की मुरलेला सराफ आधी काट्याकडे पाहत नाही, माणसाकडे पाहतो. मग विचारतो, "पावती आहे का?" नसली म्हणून सौदा फिसकटतोच असं नाही. आजीच्या पाटल्यांची पावती कुणाच्या घरात असते? आणि दागिना आटवून एकदा लगड झाली, की तो कुणाच्या हातात होता हे सोनं सांगत नाही. चोरीचा माल घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवायचं, तर त्या घटकेला त्याच्या मनात काय होतं हे शोधावं लागतं. मनाचा पंचनामा कोण करणार?

ही अडचण फार जुनी आहे. सोलापूरच्या पूर्वेला कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण. तिथे चालुक्य विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. स्मृतिकार मनात शिरायच्या खटपटीत पडत नाही. तो व्यवहार पाहतो. आडबाजूला, हलक्या किमतीत, अवेळी किंवा 'हीन' माणसाकडून वस्तू घेतली, तर घेणाराही चोर. यातला 'हीन' शब्द धोक्याचा. पण विज्ञानेश्वर तो जातीवर नेत नाही. ती वस्तू मिळवण्याचं साधन ज्याच्यापाशी नाही, तो हीन, असा अर्थ तो लावतो. प्रश्न कुळाचा नाही, ऐपतीचा. (स्मृतींवर माझा एरवी लोभ नाही, पण ही दुरुस्ती मला मोलाची वाटते.)

1860 च्या दंडसंहितेने मात्र थेट मनालाच हात घातला. कलम 411 प्रमाणे माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद. साध्या चोरीलाही तेवढीच. असा माल नेहमीच घेणाऱ्याला मात्र कलम 413 खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा. बारमाही गिऱ्हाईक चोरापेक्षा घातक, हे कायद्याने ओळखलं होतं. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने पोलिसांना थोडा आधार दिला: चोरीनंतर लगेच माल सापडला आणि तो कुठून आला हे सांगता आलं नाही, तर न्यायालय त्या माणसाला चोर किंवा जाणूनबुजून माल घेणारा मानू शकतं. तरीही ठाऊक असल्याचा पुरावा लागतोच. लुटलेल्या ट्रकमधला माल घेतल्याबद्दल शिक्षा झालेल्या शिवकुमार नावाच्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये याच मुद्द्यावर सोडलं. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 मध्ये हेच सारं आहे. फसवणुकीने मिळवलेला मालही त्यात आला.

घेणाऱ्याच्या मनाची अशी काळजी वाहणाऱ्या त्या इंग्रजी राज्याने विकणाऱ्याच्या बाबतीत काय केलं? 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. इथे ना माल सापडायला हवा, ना हेतू दिसायला, जन्म पुरे. पुढे तो मुंबई इलाख्यात आला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. कैकाडी, पारधी कुटुंबांची तिथे हजेरी घेतली जाई. चोरीचं सोनं आटवणाऱ्यांसाठी कुणी कुंपण घातलं नाही. विज्ञानेश्वराने टाळलेला अर्थ इंग्रजी कायद्याने असा उचलून घेतला.

तो कायदा 1952 च्या 31 ऑगस्टला गेला. सोलापुरात त्या वस्तीला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात.