मुक्कामी गाडी आणि त्रिविध ताप

सांख्यांनी दुःखाचे तीन वर्ग केले. स्वतःच्या देहातून व मनातून उपजते ते आध्यात्मिक, इतर प्राणिमात्रांकडून पोहोचते ते आधिभौतिक, आणि ऊन, पाऊस, वारा, वीज अशा मानवी सत्तेपलीकडील शक्तींकडून कोसळते ते आधिदैविक. ईश्वरकृष्णाने आपल्या सांख्यकारिकेचा आरंभच या दुःखत्रयाच्या आघाताने केला आहे. आणि त्या आघातातून प्रथम उद्भवते ती दुःखनिवारणाच्या उपायाची जिज्ञासा, असे तो सांगतो. मराठवाड्यात हरिनाम सप्ताह बसलेल्या गावी त्रितापांचे निरूपण कानी पडावयाचेच. तथापि आपल्या दारी आलेले अमुक एक दुःख या तिहींपैकी कोणत्या सदरात लिहावयाचे, असा प्रश्न श्रोता सहसा विचारीत नाही. सदर चुकले की उपायही चुकतो, हे या प्रश्नाचे महत्त्व. आणि ते पुरतेपणी प्रत्ययास यावे असा एस.टी. संपाचा प्रसंग २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या चैत्रापर्यंत नांदेड व लातूर या जिल्ह्यांवर गुदरला.

महामारीच्या टाळेबंदीने एस.टी.चे उत्पन्न आटले होते, डिझेलने लिटरमागे शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली होती, चालक-वाहकांचे पगार महिनोन्‌महिने रखडत होते, आणि विपन्नावस्थेस कंटाळून काही कर्मचाऱ्यांनी आत्मघात केल्याच्या वार्ता येत होत्या. ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात भाड्यात १७.१७ टक्क्यांची वाढ झाली आणि त्याच आठवड्यात, महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे या मागणीसाठी, कर्मचाऱ्यांनी काम थांबविण्यास प्रारंभ केला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातील अडीचशे आगारांपैकी बहुतेक सर्व बंद पडली. शासनाने खाजगी वाहनांस प्रवासी नेण्याची मुभा दिली, पगारवाढ जाहीर केली, समिती नेमली, आणि समितीने विलीनीकरण अमान्य केले. अखेर ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले, तेव्हा हे प्रकरण संपले.

हा इतिहास सर्व महाराष्ट्राचा असला तरी त्याचा भार सर्वत्र सारखा नव्हता. नांदेडला रेल्वे आली ती मनमाड-सिकंदराबाद मार्गाने. लातूरला दीर्घकाळ बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ होता. या दोन शहरांना थेट जोडणारा लोहमार्ग आजही नाही. रेल्वेनेच जावयाचे तर पूर्णा, परभणी, परळी असा वळसा घ्यावा लागतो. लोहा, अहमदपूर, चाकूर या सरळ वाटेवर मोटारच काय ती तारक. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वे खात्याच्याच अंगाने सत्तावीस गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू झाली, म्हणजे पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी धावलेल्या पहिल्या एस.टी.च्या सोळा वर्षे आधी. त्यामुळे येथील रयतेच्या मनात तहसील कचेरी, दवाखाना आणि सरकारी मोटार ही एकाच सरकारची तीन दर्शने ठरली असल्यास नवल नाही. ‘वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन’ या प्रसिद्ध उक्तीत विनोद आहे तसा विश्वासही आहे. आणि वाट पाहण्यालाच निष्ठेचे रूप आले की न येणाऱ्या गाडीचा जाब विचारणे हे अश्रद्धेचे लक्षण वाटू लागते, हा धोकाही तीत आहे.

मुखेड, किनवट, देवणी, जळकोट अशा तालुक्यांतील आडवळणाच्या गावी मुक्कामी गाडीचे महत्त्व शहरवासीयास सांगून कळावयाचे नाही. सायंकाळी ती येते, चालक-वाहक रात्र गावातच काढतात, आणि पहाटे गाव तिच्यातून बाहेर पडते: शाळेची पासधारक मुलगी, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात तारीख असलेला म्हातारा, लातूरच्या शिकवणीवर्गातील मुलाचा डबा घेऊन निघालेली आई. ती गाडी थांबली तेव्हा ग्रामीण शाळा दीर्घ खंडानंतर नुकत्याच उघडल्या होत्या. मुलीच्या हाती पास राहिला, पण तो दाखवावयास वाहक राहिला नाही. आणि काळी-पिवळीत पास चालत नसल्याने, ज्या घरात दोन भाड्यांची ऐपत नव्हती तेथे भाऊ जीपमध्ये बसला व बहीण घरी राहिली. मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या, तरी आगारांचे दरवाजे पूर्ववत उघडले नव्हते.

आता, चालण्याचे भय या मुलुखाला नाही. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबा या सर्वांचा हा प्रदेश. येथील माणूस आषाढीला पंढरपुरापर्यंत पायी जातो आणि पायाचे फोड मिरवीत नाही. मात्र याच गुणाचा दाखला देऊन कोणी म्हणेल की सोसणे ही आमची साधना आहे, एस.टी. नसली तर आम्ही पायी जाऊ, तर त्या वचनात एक सूक्ष्म अधर्म दडलेला आहे. वारकरी चालतो तो स्वतःच्या संकल्पाने. शाळेची मुलगी फाट्यापर्यंत चालली ती दुसऱ्याच्या निर्णयाने. क्लेश दोहोंचा समान असेल, किंबहुना वारकऱ्याचा अधिक असेल. परंतु तप म्हणावयाचे ते संकल्पपूर्वक स्वीकारलेल्या क्लेशासच. दुसऱ्यावर लादलेल्या क्लेशाला तपाची प्रतिष्ठा देणे म्हणजे लादणाऱ्याची सुटका करणे होय.

आणि लादणारा कोण, हे शोधू जाता एक चमत्कारिक परंपरा दिसते. प्रवासी चालकाला बोल लावतो, चालक महामंडळाकडे बोट दाखवितो, महामंडळ शासनाकडे, शासन रित्या तिजोरीकडे, तिजोरी महामारीकडे, आणि महामारी तर कोणीच धाडली नाही. अशा रीतीने जे दुःख मनुष्यांच्या हुकुमांनी, हिशेबांनी आणि चालढकलीने घडले ते टप्प्याटप्प्याने वर सरकत अखेर दैवाच्या खाती जमा होते, आणि आधिभौतिक ताप कोणाच्याही नकळत आधिदैविक ठरतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली, तो आधिदैविक ताप होता. तरीही दगडमातीची घरे कशी बांधावी हा प्रश्न माणसाकडेच आला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा पाऊस दैवाधीन होता, पण उपशाचा आणि नियोजनाचा हिशेब मनुष्याधीन होता. ज्या तापात पावसाइतकाही दैवाचा वाटा नाही, तो नशिबाच्या माथी कसा मारावा?

संप करणाऱ्याची नैतिक बाजू कोणती, असे येथे विचारले जाईल. त्याच्या हत्याराचा घाव मालकापूर्वी तिऱ्हाइतावर पडतो, हे नाकारता येत नाही. परीक्षेला मुकणाऱ्या मुलीने त्याचा पगार अडविला नव्हता. तरीही ज्याला स्वतःच्या लेकराची भाकरी आणि दुसऱ्याच्या लेकराची शाळा यांतून एक निवडण्यास भाग पाडले जाते, त्याच्यापेक्षा ती निवड त्याच्यापुढे मांडणाऱ्याचे उत्तरदायित्व अधिक जड आहे. दोन पीडितांना परस्परांचे प्रतिवादी करून व्यवस्थेने स्वतः साक्षीदाराच्या जागी उभे राहावे, हा या प्रकरणातील खरा अन्याय.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण शीतोष्ण व सुखदुःखे सोसण्यास सांगतो, या उपदेशाचा आधार अशा वेळी पुष्कळदा घेतला जातो. परंतु तो उपदेश कर्म टाकू पाहणाऱ्या अर्जुनास कर्माकडे परतविण्यासाठी आहे. उठून उभे राहण्यासाठी सांगितलेली तितिक्षा बसून राहण्याचे निमित्त होऊ शकत नाही. एस.टी.चे ब्रीद ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे तर बुद्धाने भिक्षूंना दिलेल्या आज्ञेतून आले आहे, आणि ती आज्ञा लोकांकडे चालत जाण्याची आहे. त्याच बुद्धाने दुःख आहे असे सांगून लगेच त्याला कारण आहे असे सांगितले, आणि कारण आहे म्हणूनच निरोधही आहे असे प्रतिपादिले. ज्या गाड्यांवर हे ब्रीद मिरवते त्या थांबल्या असता कारण न शोधता केवळ सोसणे, हे त्या ब्रीदाशी विसंगत आहे.

तेव्हा क्षमा आणि जाब या दोन्ही धर्मबुद्धीच्याच मागण्या आहेत. त्यांची स्थाने मात्र वेगळी आहेत. थकलेल्या वाहकाला, उशिरा आलेल्या चालकाला, चौकशीच्या खिडकीतील निरुत्तर माणसाला क्षमा करावी, कारण तोही त्याच तापात पोळतो. परंतु पगार थकविणाऱ्या, गाड्या जीर्ण होऊ देणाऱ्या, तोट्याचा मार्ग म्हणून मुक्कामी फेरी पुसून टाकणाऱ्या व्यवस्थेकडून जाब घ्यावा, कारण व्यवस्थेला क्षमेने सुधारण्याजोगे अंतःकरण नसते. पुढील सप्ताहात त्रितापांवर निरूपण करणाऱ्या महाराजांनी गावाची बंद पडलेली गाडी आधिभौतिकात बसते, हे स्पष्ट सांगावे. आणि काल्याचा प्रसाद घेऊन उठलेल्या श्रोत्यांनी त्याच आठवड्यात ग्रामसभेचा ठराव करून आगार व्यवस्थापकाकडून त्याची पोच घ्यावी. श्रवणाचे असे फळ शास्त्राला अमान्य होण्याचे कारण दिसत नाही.