मावशींना काय द्यायचं?

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी एक यादी केली होती. तिचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हा लेख.

माझं गाव निमोणे, तालुका शिरूर. आमच्या भागातल्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीत माझा पुतण्या जायचा. अंगणवाडी नेमकी कोणती ते सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती, आमची होती. त्याच्या बरोबरची पोरं जूनमध्ये पहिलीला जाणार होती. कुणीतरी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'ताईंना काहीतरी द्यायला पाहिजे.' लगेच अंगठ्यांची रांग लागली. मला मोबाईलमधलं जरा जास्त कळतं असा वस्तीवर समज आहे, त्यामुळे पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येकी २०० रुपये. मी २२ पोरांची नावं ओळीने टाइप केली. पैसे आले की नावापुढे हिरवी खूण करायची आणि यादी पुन्हा ग्रुपवर टाकायची. हिशोब उघडा असावा, कुणी नंतर बोट दाखवू नये, एवढाच माझा विचार होता.

तीन दिवसांत १९ खुणा झाल्या. तीन नावं कोरी राहिली. दोघांनी 'सॉरी दादा, उशीर झाला' म्हणत समारंभाच्या आदल्या रात्री पैसे पाठवले. एक नाव कोरंच राहिलं.

समारंभ छान झाला. सेविका ताईंना काठापदराची साडी, भिंतीवरचं घड्याळ, शाल आणि श्रीफळ. पोरांना पेढे. मदतनीस मावशींसाठी उरलेल्या पैशांत एक ब्लाउजपीस आणि नारळ. फोटो काढताना मावशी बाजूला उभ्या होत्या. त्यांना कुणी बाजूला केलं नव्हतं, त्या आपल्या आपणच झाल्या होत्या.

कोऱ्या नावाचं पोरगं त्या दिवशी आलं नाही. त्याचे वडील रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटी कामाला. नंतर त्याची आई माझ्या आईला दुकानात भेटली. म्हणाली, "काकू, पगार १० तारखेला होतो. सगळ्यांच्या नावापुढं खूण आन् आमचंच कोरं. पोराला कसं पाठवू?"

आईने घरी येऊन मला एवढंच विचारलं, "२०० रुपयांसाठी तू त्याचं नाव सगळ्यांना दाखवत होतास का?"

मी म्हणालो, मी नाव दाखवत नव्हतो, हिशोब दाखवत होतो. पण ते उत्तर माझं मलाच पटलं नाही.

*

आपण शिक्षकांना भेट का देतो? सोपं उत्तर असं की कृतज्ञता वाटते म्हणून. ते खोटं नाही. जे पोरगं आईचा पदर सोडत नव्हतं ते दोन वर्षांनी स्वतः चप्पल घालून, पिशवी अडकवून पळत जातं, तेव्हा ज्या बाईमुळे हे झालं तिच्याबद्दल मनात काहीतरी दाटून येतंच. पण स्वतःला जरा खोदून विचारलं तर अजून एक गोष्ट सापडते. देणं राहिलं की आपल्याला चैन पडत नाही. आपल्यावर कुणाचं तरी ऋण आहे ही भावना अंगाला टोचते. साडी दिली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला की ती टोचणी थांबते. म्हणजे भेट पुष्कळदा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला मोकळं करते.

मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. वेगवेगळ्या समाजांत लोक एकमेकांना काय देतात हे तपासून त्याने दाखवलं की भेट कधीच निव्वळ फुकट नसते. तिच्यासोबत द्यायचं, घ्यायचं आणि परत करायचं अशी तीन बंधनं येतात. हे कळायला आपल्याला फ्रान्सला जायची गरज नाही. लग्नातल्या आहेराची वही ज्याने पाहिली आहे त्याला हे पाठ असतं. कुणी किती दिले, आपण किती द्यायचे, सगळं त्या वहीत. माझी व्हॉट्सअॅपवरची यादी म्हणजे तीच आहेराची वही होती. फरक इतकाच की आहेराची वही कपाटात असते आणि माझी २२ घरांत रोज उघडत होती.

*

शिक्षकाला काय द्यावं याची आपल्याकडची एक गोष्ट आपण दरवर्षी दसऱ्याला हातात धरतो, पण ती आठवत नाही. कौत्स नावाचा शिष्य. शिक्षण संपल्यावर त्याने गुरू वरतंतूंना विचारलं, दक्षिणा काय देऊ? गुरू म्हणाले, काही नको, तू मनापासून सेवा केलीस तीच पुरे. कौत्साला ते पुरेना. तो हट्टाला पेटला. शेवटी गुरू चिडले आणि म्हणाले, १४ विद्या शिकवल्या ना, मग १४ कोटी सुवर्णमुद्रा आण. कौत्स रघुराजाकडे गेला, तर राजा यज्ञात सगळं दान करून बसलेला, घरात मातीची भांडी. रघूने कुबेरावर स्वारीची तयारी केली तेव्हा कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. कौत्साने त्यातलं १४ कोटीच घेतलं. कालिदासाच्या रघुवंशात ही गोष्ट आहे. आपल्याकडे सांगतात त्यात उरलेलं सोनं झाडाखाली राहिलं, लोकांनी ते लुटलं, आणि म्हणून आपण आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो.

लहानपणी मला ही गोष्ट कौत्साच्या निष्ठेची वाटायची. आता ती मला हट्टाची वाटते. गुरूंनी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं की हिशोब पूर्ण झाला आहे. कौत्साला मात्र फेडायचंच होतं. कुणाच्या तरी ऋणात राहणं त्याला सोसवत नव्हतं. आणि त्याच्या त्या हट्टापायी एका राजावर युद्धाची वेळ आली.

तरी गोष्टीचा शेवट सुंदर आहे. १४ कोटींचं ओझं लोकांच्या हातात येईपर्यंत झाडाचं एक पान झालं. पानाला किंमत नाही. कुणाचं पान मोठं, कुणाचं छोटं असं कुणी मोजत नाही. ते घेऊन आपण मोठ्यांच्या पाया पडतो, आणि एमआयडीसीतला कामगार आणि १० एकरवाला बागायतदार दोघांच्याही हातात तेच पान असतं.

*

इथवर आलो तेव्हा वाटलं, उपाय सोपा आहे. साडी नको, पोरांच्या हातचं एखादं चित्र द्यावं, संपलं. हे मी ताईंना बोलूनही दाखवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "दादा, साडी आवडली बरं का मला. खोटं कशाला बोलू? लग्नात नेसले ती मी."

त्यांचं म्हणणं ऐकून मी जरा ओशाळलो. साध्या भेटींचं कौतुक ज्यांचं पोट भरलेलं असतं त्यांना सुचतं. ज्या बाईला महिन्याच्या शेवटी हिशोब जुळवावा लागतो तिला 'तुमच्यासाठी चित्रच योग्य' असं आपण परस्पर ठरवणं हाही एक अहंकारच.

मग मी तो हिशोब पाहिला. अंगणवाडी सेविकेला मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २०२३ मध्ये महाराष्ट्रात सेविकांचं मानधन महिन्याला ८३२५ रुपयांवरून १०,००० आणि मदतनिसांचं ४४२५ वरून ५५०० झालं. पुढे त्यात वाढ झाली, पण आम्ही ब्लाउजपीस दिला तेव्हा मावशींच्या हातात येत होते ते ५५००. त्या बदल्यात त्या काय करायच्या? सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करायच्या, झाडायच्या, आहाराचं बघायच्या, शेंबूड पुसायच्या, चड्ड्या बदलायच्या. माझा पुतण्या पहिले दोन महिने रडत जायचा तो मावशींच्याच कडेवर बसून.

मानधन हा शब्द कसा आहे बघा. मान आणि धन. धन कमी असलं की त्यात मान मिसळायचा. सेविका, मदतनीस, मानधन, सगळे शब्द असे की जणू या बाया नोकरी करत नाहीत, उपकार करतात. आणि उपकाराचा मोबदला मागायचा नसतो, त्याचे फक्त आभार मानायचे असतात.

अंगणवाडी ही कल्पनाच मुळात महाराष्ट्रात रुजली. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं. गरिबाची पोरं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी त्या कामाला आयुष्य दिलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर गेली. योजना एवढी मोठी झाली, पण ती चालवणाऱ्या बायकांना मिळतं ते अजून मानधनच.

या बायकांनी नको ती वस्तू नाकारलीही आहे. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. ते जुने झाले होते, तापायचे, आणि त्यावर पोषणाची माहिती भरायचं अॅप नीट चालत नव्हतं.

आणि ४ डिसेंबर २०२३ ला त्या संपावर गेल्या. मागण्या होत्या जास्त वेतन, ग्रॅच्युइटी, पेन्शन. ग्रॅच्युइटी हा इंग्रजी शब्द ज्या लॅटिन मुळातून आला त्याचा अर्थ भेट, बक्षीस असा होतो. मूळ भेट असलेली ही गोष्ट आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने कामगाराचा हक्क झाली. सेविका आणि मदतनीस यांनाही तो कायदा लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ ला सांगितलं होतं. तरी त्यासाठी त्यांना संप करावा लागला, आणि तो ५० दिवसांच्या वर, २०२४ च्या जानेवारीअखेरपर्यंत चालला.

त्या ५० दिवसांतलं आमच्या ग्रुपवरचं बोलणं मी परत वर जाऊन वाचलं. 'अंगणवाडी कधी सुरू होणार?' 'पोरगं घरात लय त्रास देतंय.' 'यांचं दरवेळचंच आहे.' शेवटचं वाक्य माझं नव्हतं, पण त्याखालच्या अंगठ्यांत माझा एक होता. ताईंना कुणी फोन केला नाही. त्यांच्या मागण्या काय आहेत, हे कुणी विचारलं नाही. आणि तीन महिन्यांनी त्याच ग्रुपवर आम्ही कृतज्ञतेने साडीचा रंग निवडत होतो.

माझ्या मते शिक्षकांना भेट देण्यातला खरा नैतिक प्रश्न इथे आहे. साडी द्यावी की चित्र, १०० रुपये काढावेत की ५००, हे त्यामानाने छोटे प्रश्न. भेट आपण न्यायाच्या ऐवजी देतो आहोत की न्यायाच्या जोडीला, हे आधी बघायला हवं. जोडीला दिली तर ती गोडच लागते. ऐवजी दिली तर तिने फक्त आपलं तोंड बंद होतं.

*

नियमांचा एक भाग राहतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी भेटी घेण्यावर सेवानियमांची बंधनं आहेत. दक्षिण कोरियाने २०१६ मध्ये याहून कडक कायदा आणला. तिथे शिक्षक दिनाला एकेकट्या मुलाने शिक्षकाला साधं फूल द्यायलाही मनाई झाली. विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीने सगळ्यांसमोर दिलं तर चालतं. आधी मला हा अतिरेक वाटला होता. माझी यादी आठवली तेव्हा त्यातलं शहाणपण दिसलं. फूल सगळ्यांच्या वतीने आलं की कुणाचं नाव कोरं राहत नाही. आणि जिच्या हातात आपल्या पोराचा दिवस आहे, तिला कुणी किती दिलं हे कळतच नाही.

सत्काराच्या भाषणात आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं, 'मी आपल्या ऋणातच राहू इच्छितो.' ऐकून ऐकून ते गुळगुळीत झालंय. पण ते खरं मानलं तर कौत्साच्या अगदी उलटं आहे. फेडून मोकळं व्हायचं नाही, ऋण आहे हे कबूल करायचं आणि त्या नात्यात राहायचं. मग एप्रिलमधल्या एका दुपारी भागत नाही. मग त्यांच्या संपात आपण फोन करतो. ग्रामसभेत अंगणवाडीच्या पत्र्याचा, नळाचा विषय आपण काढतो. 'यांचं दरवेळचंच आहे' याच्याखाली अंगठा द्यायच्या आधी हात थांबतो.

पुढच्या वर्षी पुतण्या शाळेत गेला होता, पण ग्रुपचा अॅडमिन मीच होतो. त्या वेळी यादी केली नाही. अंगणवाडीच्या दाराजवळ दोन दिवस एक बंद डबा ठेवला. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं टाकायचं, नाही टाकलं तरी चालेल. पैसे आधीपेक्षा कमी जमले. दोन साड्या आणल्या, एकाच किमतीच्या. मावशींनी रंग स्वतः निवडला आणि फोटोत मधोमध उभ्या राहिल्या. हे मी फुशारकीने सांगत नाही. दोन साड्यांनी ५५०० चं काही बदलत नाही.

ज्या दिवशी ताई मला साडी आवडल्याचं म्हणाल्या, त्याच दिवशी त्यांनी अजून एक गोष्ट विचारली होती. "दादा, त्या दिवशी ते एक पोरगं नव्हतं आलं. आजारी होतं का?"

२२ पोरांमधलं एक कमी आहे हे गळ्यात हार असताना त्यांना दिसलं होतं. आम्हा कुणालाच ते दिसलं नव्हतं. मी 'माहीत नाही' म्हणालो. त्यांना खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही.