कागद जाणणाऱ्यांचे कर्तव्य

नाशिक रोडला कागदाची किंमत कुणी शिकवायला नको. शंभर वर्षांपासून इथल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये मुद्रांक छापले जातात, शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा. पाच जिल्ह्यांचा कारभार पाहणारे विभागीय आयुक्तांचे कार्यालयही इथेच. प्रेस, रेल्वे, महसूल, बँक अशा ठिकाणी हयात घालवलेली किती तरी निवृत्त माणसे जेलरोड, उपनगर, देवळाली गावात राहतात. आणि सिन्नर फाट्याच्या पुढे, शिंदे-पळशाकडच्या शेतकऱ्यावर मात्र एका कागदापायी हक्काच्या अनुदानाला मुकायची वेळ येते. हे अंतर चार-सहा मैलांचे नाही, आपल्या उदासीनतेचे आहे.

2023 चा कांदा आठवा. भाव कोसळले तेव्हा राज्य सरकारने 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये, शेतकऱ्यामागे 200 क्विंटलपर्यंत, असे अनुदान जाहीर केले. निर्णय चांगला होता. पण अर्जासोबत सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती आणि ती नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी करून घालायची होती. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता, ज्यांच्या शिवारात रेंज नव्हती, त्यांचा कांदा बाजार समितीत विकला गेला, काटापट्टी हातात आली, तरी सातबाऱ्यावर तो पिकलाच नव्हता! ओरड झाल्यावर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या समितीने खातरजमा करायची असे ठरले. पैसे सप्टेंबरपासून, तेही टप्प्याटप्प्याने मिळू लागले. ज्या तोट्यावर ही फुंकर होती, त्याचे व्याज तोवर कितीतरी वाढले होते.

यातला अन्याय नीट पाहिला पाहिजे. सातबारा सरकारचा, आठ-अ सरकारचा, आधार सरकारचे, काटापट्टी सरकारच्याच कायद्याखाली चालणाऱ्या बाजार समितीची. सरकारच्या एका खात्याजवळ असलेला कागद दुसऱ्या खात्याला नेऊन देण्यासाठी शेतकऱ्याने रोजगार बुडवायचा. सातबाऱ्यावर ‘दगू’ आणि आधारवर ‘दगडू’ असले की अर्ज अडला. कांदा काढून काढून बोटे घासलेली, त्यामुळे मशीन अंगठा घेत नाही. सेवा केंद्रातला मुलगा सांगतो, हात धुऊन पुन्हा लावा. बाकी अर्जदार मागे खोळंबलेले. त्या माणसाची मान खाली जाते, जणू काही चूक त्याचीच.

दुसरा अन्याय पैशाचा. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज मंजूर झाला, पूर्वसंमती आली, तरी अवजार किंवा ठिबक आधी पदरच्या पैशाने घ्यायचे, बिल अपलोड करायचे, मोका तपासणी व्हायची, मग अनुदान खात्यात. ज्याच्याजवळ आधी घालायला पैसा आहे त्यालाच मदत पोचते. ज्याच्यासाठी योजना आखली, तो सावकाराच्या दारात उभा राहतो किंवा संमतीची मुदत जाऊ देतो.

‘बोगस लोक घुसतात, म्हणून कडक नियम लागतात’ असे सांगितले जाते. छाननी हवीच, पैसा जनतेचा आहे. पण लबाडाचे कागद नेहमी पूर्ण असतात. अपुरे असतात ते प्रामाणिक माणसाचे. केवळ कागदाची चाळण लावली की लबाड सुटतो आणि गरजू अडकतो. खरी छाननी बांधावर जाऊन, गावासमोर यादी वाचून होते.

महात्मा फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा निरक्षर शेतकऱ्याची कचेरीत होणारी नाडणूक त्यांनी उघडी केली. आज शेतकऱ्याला अक्षर येते, पण पोर्टल येत नाही. एजंटाचे फावते ते तिथेच. तो अनुदानात वाटा मागतो, आणि आपण ‘चालायचेच’ म्हणून गप्प बसतो.

हे थांबवण्याची साधने आहेत. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे. 2015 पासून बहुतेक कामांना साधे स्वयंघोषणापत्र चालते. तरी लोक स्टॅम्प पेपर विकत घेतात, कारण कुणी सांगत नाही. 2015 च्याच लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांसारख्या अधिसूचित सेवांना मुदत घातली. दाखला नाकारला तर लेखी कारण मिळते, दोन अपिले खात्यात आणि तिसरे सेवा हक्क आयोगाकडे करता येते. अनुदानाचा अर्ज कुठे अडला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते आणि त्याचे उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते.

म्हणून माझे मागणे नाशिक रोडच्या जाणत्या माणसांकडे आहे. सरकारने आपले कागद आपणच जुळवावेत आणि लहान शेतकऱ्याचे अनुदान थेट विक्रेत्याकडे वळते करावे, ही मागणी आपण लावून धरूच. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. ज्याने तीस वर्षे फायली हाताळल्या, त्याने आठवड्यातून एक सकाळ शिंदे किंवा पळशाच्या ग्रामपंचायतीत बसावे. अर्ज भरून द्यावा, नावातली चूक दुरुस्त करायला लावावी, पोच मागायला शिकवावे, अपील लिहून द्यावे. महाविद्यालयातल्या मुलांनी मोबाइल घेऊन बांधावर जावे आणि मुदतीच्या आत पीक पाहणी करून द्यावी. यासाठी एक पैसा घेऊ नये आणि एकही खोटा अर्ज भरू नये. निवृत्तिवेतन घेणाऱ्या आपल्या सर्वांना कागदाने जन्मभर सांभाळले; त्या विद्येवर आता गावाचा हक्क आहे, आणि तो देण्याची सुरुवात येत्या हंगामाच्या अर्जांपासून झाली पाहिजे.