बंद दाराआडचे ऐकणे

माझी एक जुनी विद्यार्थिनी मानसशास्त्राचे शिक्षण पुरे करून परवा भेटायला आली. "सर, नोकरी सोडते. निपाणीत घरूनच ऑनलाइन समुपदेशन सुरू करते," म्हणाली. मला आनंद झाला. सीमाभागातल्या माणसाला धारवाड किंवा बेंगळुरू गाठायचे तर वाट लांब; शिवाय कोणी पाहिले तर, ही धास्ती. दुखणे मराठीतले, ते दुसऱ्या भाषेत सांगताना निम्मे वाटेतच सांडते. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे खरा, पण आठवड्यामागून आठवडे आपले ऐकणारे एकच माणूस असणे वेगळे.

तरी मी विचारले, "तुझे दार बंद असेल, पलीकडच्याचे?" आमच्याकडे दोन खोल्यांत सहा माणसे. सासू ऐकेल म्हणून सून पडद्यावर 'बरी आहे' एवढेच म्हणेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला. घराच्या भिंतींनी तो अजून मानलेला नाही.

"आणि कोणी मरणाची भाषा बोलून फोन बंद केला तर?"

ती गप्प झाली. संस्थेत वर साहेब असतो, शेजारी सहकारी असतात. स्वतंत्र झाले की आपल्या चुकीवर दुसऱ्या कोणाची सावली उरत नाही.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. पहिल्याच भेटीत पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर घेणार. झेपणार नाही ते मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणार. स्वतःही एका ज्येष्ठांचा सल्ला घेत राहणार.

मी म्हटले, "आता बस कामाला."